चिठ्ठीवर एक ओळ दातांसाठी

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातील बालरोगतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर आणि औषध दुकानदार यांस

सप्रेम नमस्कार.

आम्ही लहान मुलांच्या दातांवर उपचार करणारे. ज्या मुलाचा ताप, दमा किंवा फिट्स तुम्ही आटोक्यात आणता, तेच मूल पुष्कळदा काही महिन्यांनी आमच्या खुर्चीत बसलेलं असतं. वरचे समोरचे चार दात हिरडीलगत खडूसारखे पांढरे पडलेले असतात, नाहीतर तपकिरी होऊन कडेनं तुटायला लागलेले. आई सांगते, "अँटिबायोटिक गरम पडलं, त्यानंच दात गेले." औषध गरम पडलेलं नसतं. त्यानं आपलं काम चोख केलेलं असतं. दुधाची बाटली, बिस्किटं, चॉकलेट यांचा वाटा मोठा असतोच, पण महिनोन् महिने सिरप घेणाऱ्या मुलांत आणखी एक वाटेकरी असतो. औषध ज्या पाकात कालवलेलं असतं तो पाक, आणि तो पाजल्यावर तोंडात न गेलेलं घोटभर पाणी.

औषधं बंद करा असं आम्हाला मुळीच म्हणायचं नाही. दाताच्या भीतीनं एकाही मुलाचा एकही डोस चुकता कामा नये. आमचं मागणं इतकंच, की चिठ्ठी लिहिताना आणि बाटली हातात देताना दातांसाठी एक ओळ लिहा, एक वाक्य बोला.

आधी पाकाविषयी. इंडियन फार्माकोपिया या अधिकृत औषधग्रंथातलं साधं सिरप म्हणजे १००० ग्रॅममध्ये ६६७ ग्रॅम साखर, बाकी पाणी. प्रत्येक औषध इतकं गोड नसतं, पण पाया हाच. साखर कडू चव झाकते, द्रावणाला दाटपणा देते आणि इतकी दाट असली की त्यात जंतू वाढत नाहीत. स्वस्तही पडते. म्हणून औषधनिर्मितीत ती सोयीची. बाटलीच्या झाकणाच्या आट्यांवर पाक वाळून साखर धरते, झाकण घट्ट बसतं. ते टाळायला कंपन्या त्यात थोडं सॉर्बिटॉल किंवा ग्लिसरीन घालतात. घरी एकदा सिरपचा थेंब ओट्यावर पडू द्या आणि पुसू नका. तासाभरात तो चकचकीत, चिकट होतो, बोट लावलं तर तार येते, आणि सकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागते. तोच थेंब झोपलेल्या मुलाच्या वरच्या ओठाआड, दाताच्या मुळाशी रात्रभर बसलेला असतो.

आता हिशेब. ज्या सिरपमध्ये १०० मि.लि.ला ६० ग्रॅम साखर आहे, त्याच्या ५ मि.लि.च्या एका डोसात ३ ग्रॅम साखर जाते. ग्रॅमांत पाहिलं तर फार वाटत नाही, चहाच्या कपात याहून जास्त पडते. पण दाताला किती साखर यापेक्षा किती वेळा आणि किती वेळ याचं मोल जास्त. साखर लागताच दातावरच्या थरातले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जंतू तिचं लॅक्टिक आम्ल करतात. काही मिनिटांतच तिथला पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरतो आणि एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातलं, खनिज विरघळू लागतं. लाळ हळूहळू तो वर आणते, त्याला अर्धा तास ते तास लागतो. १९४०च्या दशकात स्टीफन यांनी हा उतार-चढाव मोजून दाखवला, दंतशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं तो आलेख काढलेला असतो. लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-ताप होणं नेहमीचं आहे. आठ दुखणी, प्रत्येकी पाच दिवस, दोन बाटल्या, दिवसातून तीनदा असं धरलं तर वर्षाला २४० डोस होतात. हे निरोगी मुलाचं झालं. फिट्सच्या मुलाला दिवसातून दोनदा सिरप दोन वर्षं चाललं, तर हजारावर डोस होतात.

रात्रीचा डोस सगळ्यांत वाईट. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. जागेपणी अर्ध्या ते एका तासात वर येणारा पीएच झोपेत कितीतरी जास्त वेळ खाली राहतो. त्यात सर्दीच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन हे सर्दी सुकवणारं औषध असलं तर तोंड आणखी कोरडं पडतं, आणि नाक चोंदलेलं मूल तोंड उघडं ठेवून श्वास घेतं. मे महिन्यातल्या नागपुरात, कूलर रात्रभर चालू असताना, मुलाचे ओठ सकाळी कसे असतात ते तुम्ही जाणता. खालचे समोरचे दात जिभेच्या आणि लाळेच्या आधारानं बरेचसे वाचतात. वरच्या चौघांना तो आधार नसतो. म्हणून पहिली पांढरी रेघ तिथेच उमटते.

दुधाच्या दातांचं एनॅमल कायमच्या दातांच्या साधारण निम्म्या जाडीचं, आणि आतली नस दाताच्या मानानं मोठी. म्हणून पांढऱ्या रेघेपासून खड्ड्यापर्यंत आणि खड्ड्यापासून पू होईपर्यंतचा प्रवास मोठ्यांच्या मानानं फार लवकर होतो. "दुधाचे दात पडणारच आहेत" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. समोरचे सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत चावण्याचं काम करतात आणि खालच्या कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात. त्या लवकर गेल्या तर मागची दाढ पुढे सरकते आणि नवा दात वाकडा येतो. मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या दाताच्या एनॅमललाही इजा होते.

या पत्रात आमची खरी काळजी दीर्घकाळ औषध घेणाऱ्या मुलांची आहे. पाच दिवसांच्या एका कोर्सनं कोणाचे दात जात नाहीत. पण फिट्स, दमा, जन्मजात हृदयदोष, मूत्रपिंडाचे आजार, वारंवार होणारे लघवीचे संसर्ग, आणि आपल्या विदर्भात विशेष करून सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, ही यादी पाहा. सिकलसेलच्या मुलाला पाच वर्षांपर्यंत रोज दोनदा पेनिसिलिन सुचवलं जातं, ते पातळ औषध म्हणून दिलं तर गोड पाकातच जातं. आणि याच मुलाला दाताचा संसर्ग सर्वांत महाग पडतो, कारण संसर्गानं वेदनेचा झटका येऊ शकतो. हृदयदोष असलेल्या मुलाच्या किडक्या दातातून रक्तात गेलेले जंतू हृदयाच्या अस्तरापर्यंत पोहोचू शकतात. अशा मुलाला सात-आठ दातांच्या कामासाठी पूर्ण भूल देणं हा भूलतज्ज्ञासाठीही जड निर्णय असतो. ज्याला औषधाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच दातांना सर्वांत जास्त धोका, ही गाठ १९७९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नोंदली गेली: साखरेचं सिरप दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांत कीड स्पष्ट जास्त आढळली होती. ब्रिटनच्या औषधसूचीत आज साखरविरहित पातळ औषधांपुढे तशी खूण असते, लिहिणाऱ्या डॉक्टरला ती जागच्या जागी दिसते.

आपल्याकडे बाटली हातात घेऊन वाचा. औषधाचं नाव, मिलिग्रॅम, रंगाचं नाव, आणि मग "फ्लेवर्ड सिरप बेस". इथे साखर किती, हे त्यात दडलेलं राहतं. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर साखरेचे ग्रॅम छापलेले असतात, दिवसातून तीनदा पाजायच्या बाटलीवर नसतात. अन्न व औषध प्रशासनानं आणि केंद्रीय औषध नियंत्रकांनी मुलांच्या प्रत्येक पातळ औषधावर "५ मि.लि.मध्ये साखर इतके ग्रॅम" ही ओळ सक्तीची करावी, ही आमची मागणी आहे. हे पत्र आम्ही त्यांनाही पाठवतो आहोत. साखरेवाचून सिरप करता येत नाही अशातला भाग नाही. मधुमेही आजोबांसाठी खोकल्याचं साखरविरहित औषध कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. नातवाच्या कप्प्यात तेवढी निवड नाही, एवढाच फरक.

डॉक्टरहो, इथे सुरुवात तुमच्या पेनापासून होते. औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुसरं औषध, घटक तेच असले तरी, दुकानदाराला देता येत नाही. म्हणजे साखरविरहित पर्याय दुकानात असूनही तो मुलापर्यंत पोहोचायचा असेल तर तुम्हीच तो लिहायला हवा. जिथे पर्याय आहे तिथे नावापुढे "साखरविरहित" लिहा. सॉर्बिटॉल, मॅल्टिटॉल, सुक्रॅलोज, सॅकरिन यांवर कीड पोसत नाही. त्यांच्याही मर्यादा तुम्हाला ठाऊक आहेत: सॉर्बिटॉल जास्त गेलं तर पातळ शौच होतं, फ्रुक्टोज न पचणाऱ्या मुलाला ते चालत नाही, आणि फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्याला अ‍ॅस्पार्टेम हा दुसरा गोडवा चालत नाही. आणखी एक गोष्ट मात्र बऱ्याचदा सुटते. साखरविरहित म्हणजे आम्लविरहित नव्हे. चवीसाठी आणि द्रावण टिकावं म्हणून सायट्रिक आम्ल घातलेलं असतं, त्यामुळे काही बाटल्यांचा पीएच ५.५ च्या बराच खाली असतो. तिथे जंतूंची मध्यस्थीही लागत नाही, आम्ल थेट एनॅमल झिजवतं. म्हणून पाणी दोन्हींनंतर पाजायचंच.

त्याहून सोपा उपाय विरघळणाऱ्या गोळीचा, म्हणजे डीटीचा. पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, झिंक या गोळ्या डीटीत मिळतात. एक चमचा उकळून गार केलेल्या पाण्यात ती अर्ध्या-एका मिनिटात विरते, पाकाचा थर उरत नाही, फ्रिज लागत नाही आणि वजनाप्रमाणे अर्धी-पाव करायची सोयही बऱ्याच वेळा असते. सहा-सात वर्षांचं मूल सराव दिला तर छोटी गोळी गिळतं. फक्त हळू सुटणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएटची सीआर, कुटायच्या नाहीत हे घरच्यांना ठणकावून सांगावं लागतं.

वेळेबद्दल. औषधाला चालत असेल तिथे डोस जेवणाला जोडा, कारण तेव्हा लाळ वाहती असते. दोन-तीन सिरप असतील तर ती एका बैठकीत द्यायला सांगा. एकामागोमाग दिलेली तीन सिरप दातासाठी आम्लाचा एक हल्ला ठरतात, तासा-तासानं दिली तर तीन हल्ले होतात. याला अपवाद आयर्न आणि कॅल्शियमचा, ती दोन एकत्र नकोत. रात्रीच्या शेवटच्या डोसाचा क्रम असा लिहा: औषध, पाणी, अर्धा तास थांबून ब्रश, मग झोप. अर्धा तास यासाठी, की आम्लानं मऊ झालेल्या एनॅमलवर लगेच ब्रश घासला तर ते झिजतं. ब्रशनंतर दूध नाही, टॉनिक नाही, फक्त पाणी. रात्री दोनला ताप चढून पॅरासिटामॉल द्यावं लागलं तर ब्रश कोणी करणार नाही, आम्हीही सांगणार नाही. मुलाला उठवून बसवा, औषध द्या, वर दोन घोट पाणी. पाणी घेत नसेल तर ओल्या सुती फडक्यानं वरचे दात पुसून घ्या.

पाजायची पद्धत. मूल मांडीवर ताठ बसलेलं, आडवं नाही. सुई नसलेली ५ मि.लि.ची सिरिंज गालाच्या आतून, दाढांच्या मागच्या बाजूला, आणि एकेका वेळी अर्धा-एक मि.लि.च सोडायचं. घशात सरळ पिचकारी मारली तर ठसका लागतो, समोरून चमच्यानं ओतलं तर सगळा पाक समोरच्या दातांवर पसरतो. गालाच्या खाचेत थोडं साचतंच, ते धुण्यासाठीच वरून पाणी. सहा महिन्यांपुढच्या बाळाला वाटी-चमच्यानं दोन-तीन चमचे पाणी पुरतं. सहा महिन्यांच्या आतल्याला पाणी नको, अंगावर पाजा आणि हिरड्या फडक्यानं पुसा. दुधाच्या बाटलीत औषध मिसळायचं नाही: बाटली अर्धी उरली तर डोसही अर्धाच गेला, आणि उरलेलं गोड दूध चोखत मूल झोपी जातं. कडू गेलं म्हणून वरून साखरेची चिमूट किंवा मधाचं बोट, हा लाड आपल्या घरोघरी आहे. तो थांबवायला सांगा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर द्यायचाच नाही, त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो.

औषध दुकानदार मित्रहो, चिठ्ठी वाचून बाटली पिशवीत टाकेपर्यंत तुमच्याकडे जेमतेम मिनिट असतं. ड्राय सिरपच्या बाटलीत पाणी कुठल्या खुणेपर्यंत घालायचं, किती दिवसांत संपवायचं, हे तुम्ही त्या मिनिटात आवर्जून सांगता. त्याच दमात "वरून पाणी पाजा" हे तीन शब्द जोडा. झाकणावर चिकटवायची छोटी चिठ्ठी छापून घेतली तर उत्तम. घरातल्या चमच्याऐवजी सिरिंज द्या. घरचा चमचा कोणाचा ४ मि.लि.चा, कोणाचा ७ चा, आणि औषध सांडून बोटांना, दातांना लागतं ते वेगळंच. आणि ज्या बाटल्या चिठ्ठीविना जातात, ती भूक वाढवायची टॉनिक, मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ग्राइप वॉटर, त्यांतली साखर वर्षभर चालू राहते, कारण ती थांबवायला कोणी सांगत नाही. आई ती बाटली मागायला आली तर एकदा "डॉक्टरांना विचारलं का?" एवढं तरी विचारा.

आयर्नबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे घबराट जास्त असते. अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मि.लि. सिरप दिलं जातं, त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. ते घेणाऱ्या काही मुलांच्या दातांवर काळे डाग येतात. घरचे घाबरून औषध बंद करतात, आशाताईंनी दिलेली बाटली फळीवर पडून राहते. हा डाग कीड नव्हे. तो वरवरचा असतो, आमच्याकडे दहा मिनिटांच्या पॉलिशमध्ये निघतो, आणि औषध जिभेच्या मागच्या भागावर देऊन वर पाणी पाजलं तर फारसा येतही नाही. कीड आणि डाग यांतला फरक घरीही कळतो: डाग असलेला दात गुळगुळीत आणि टणक लागतो, किडलेल्या दाताला खड्डा किंवा मऊपणा असतो. रक्त कमी असलेल्या मुलाचं आयर्न डागापायी बंद होणं हे दुहेरी नुकसान आहे. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलेनेटच्या सिरपनंही क्वचित पिवळट झाक येते, तीही ब्रशनं जाते. टेट्रासायक्लिनची गोष्ट वेगळी. ते तयार होणाऱ्या दातातल्या कॅल्शियमला धरून बसतं आणि तो रंग आतूनच येतो, म्हणून आठ वर्षांखाली ते टाळायचं, हे तुम्ही पाळताच.

एक गैरसमज या पत्रातूनच निघू नये म्हणून लिहितो. ओआरएसमध्ये साखर आहे म्हणून ते कोणी रोखू नये. लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज हेच आतड्यातून मीठ-पाणी आत खेचतं, ते औषधच आहे. जुलाब थांबले की दात घासू.

खोकल्याच्या सिरपविषयी नागपूरला वेगळं सांगायची गरज नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं विषारी सिरपनं मूत्रपिंडं निकामी होऊन याच शहरातल्या रुग्णालयांत आली आणि त्यांतली कित्येक परत गेली नाहीत. त्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलच्या विषापुढे दाताची कीड ही फार लहान गोष्ट आहे, दोन्ही एका तागडीत आम्ही तोलत नाही. पण त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानं जे कळवलं, की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं लिहू नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत, ते पाळलं तर आमच्या विषयापुरतंही मोठं काम होतं. न लिहिलेल्या बाटलीतली साखर कोणाच्या दातावर बसत नाही.

शेवटी तपासणी. तुमच्याकडे मूल घसा दाखवायला तोंड उघडतंच. त्याच वेळी अंगठ्यानं वरचा ओठ उचला आणि हिरडीलगतची रेघ पाहा. पाच सेकंदांचं काम. पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती अजून परत फिरवता येते: फ्लोराइड वार्निश लावता येतं, दीर्घकाळ औषध घेणाऱ्या मुलांना दर तीन महिन्यांनी. तपकिरी खड्डा झाला असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडनं कीड थोपवता येते. दात काळा पडतो, पण इंजेक्शन नाही, मशीन नाही. खूप सोपा उपाय आहे, पालकांना रंग आधी सांगून ठेवावा लागतो इतकंच. पहिला दात दिसल्यापासून १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. मुलांच्या काही रंगीत जेलमध्ये फ्लोराइड नसतंच, ट्यूबवर वाचून घ्यायला सांगा. जिल्ह्यातल्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या मुलांसाठी आधी आम्हाला विचारा.

ज्या मुलाला तीन महिन्यांहून जास्त काळ रोज सिरप चालणार आहे, त्याला दात दुखेपर्यंत थांबू नका. औषध सुरू होतं त्याच आठवड्यात जवळच्या दंतवैद्याकडे, किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (मेडिकल) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या बालदंतरोग विभागात पाठवा. सोबतच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव, दिवसातून किती वेळा आणि किती महिने, एवढं लिहिलेलं असू द्या.

आपले,
नागपुरातील बालदंतवैद्य